चैत्रात भरलेला निळा ड्रम: वर्षभर वापरल्यानंतर

दापोली तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचं कौलारू घर आहे. घरात आम्ही चौघं, त्यात सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आणि इन्सुलिनवर. गेल्या वर्षी पाडवा झाल्यावर आम्ही वादळपावसासाठी घराची तयारी नव्याने केली. लोखंडी रिंगचं झाकण असलेला मोठा निळा ड्रम आणला आणि डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, रेडिओ, पॉवर बँक, पाण्याचे कॅन, क्लोरीन, औषधं, कागदपत्रं असं एकेक जमवलं. आता दुसरा चैत्र लागलाय. काय टिकलं, काय गेलं आणि पुन्हा पैसे कशावर घालेन, हे आता खात्रीने लिहिता येईल.

आधी चैत्रच का ते सांगते. आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी मृगाच्या हिशेबाने होते. लाकूडफाटा, सुकी मासळी, कडधान्यं, घर शाकारणं, सगळं 7 जूनच्या आत उरकायचं. पण निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं आणि तौक्ते 2021 च्या मे महिन्याच्या मध्यात आमच्या किनाऱ्याला लागून वर गेलं. म्हणजे दोन्ही मृगाच्या आधी. अरबी समुद्रात वादळं उठण्याचे काळच दोन: एक पावसाच्या तोंडावर, दुसरा ऑक्टोबरपासून पुढे. फयान आलं ते 2009 च्या नोव्हेंबरात. आणि मे महिन्यात इथे कुणाला उसंत असते? आंब्याच्या पेट्या, चाकरमानी, लग्नं. म्हणून शिमग्याची पालखी देवळात परतली की आंब्याची काढणी जोरात यायच्या आत हे काम संपवायचं, असं आम्ही ठरवून टाकलंय.

ड्रमबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. आषाढात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते, पण ड्रममधलं एक पाकीटही सादळलं नाही. झाकणाच्या आतली रबरी चकती दर दोन महिन्यांनी पुसायची आणि लोखंडी रिंगला खोबरेल लावायचं, एवढीच निगा. खाऱ्या वाऱ्याने रिंगचा खटका गंजला, तर ऐनवेळी झाकण उघडणार नाही. सेकंडहँड ड्रम स्वस्तात मिळतात, पण त्यात आधी काय भरलं होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. खाण्याची वस्तू किंवा पाणी ठेवणार असाल तर असा ड्रम अजिबात घेऊ नका, आतून कितीही स्वच्छ दिसू दे.

खाण्यासाठी बाजारातली तयार पाकिटं घेतली नाहीत. कुळथाचं पीठ, पोहे, मेतकूट, आमसुलं, गूळ, सुका जवळा वेगळ्या घट्ट बरणीत, एवढं पुरतं. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, गॅस कमी लागतो आणि सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत सगळे खातात. ड्रममधलं घरात वापरायला काढायचं आणि नवं खाली भरायचं, त्यामुळे काही जुनं होत नाही.

आता लाइट. आमच्याकडे वादळच यावं लागत नाही. श्रावणात एक पोफळ तारांवर पडली आणि रात्रभर वाडी अंधारात होती, दुसऱ्या दिवशीही लाइट आली नाही. इन्व्हर्टर आहे, 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. कागदावर ती 1,800 वॅट-अवर होते, हातात त्याहून कमीच येते. आधीचे 75 वॅटचे पंखे काढून आम्ही 30 वॅटच्या आसपासचे बीएलडीसी पंखे लावलेत, म्हणून पहिली रात्र निभते. पुढे चार्जिंगच नाही म्हटल्यावर इन्व्हर्टर काय करणार? निसर्गनंतर कितीतरी गावांत आठवडे न आठवडे वीज नव्हती. त्यामुळे इन्व्हर्टर म्हणजे तयारी झाली, हे मला मान्य नाही. या बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात लवकर कमी होतं, ते बघायलाही हाच महिना योग्य.

सगळ्यांत उपयोगी पडली ती डोक्याला लावायची बॅटरी. दोन्ही हात मोकळे राहतात. कौल सरकलं म्हणून शिडीवर चढणं, रात्री गोठ्यात जाणं, सासूबाईंना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणं, सगळ्याला तीच. शिमग्यात पालखीबरोबर फिरताना आणि काजूच्या बिया वेचायला पहाटे बागेत जाताना ती वापरातच असते, त्यामुळे बिघडली तर लगेच कळतं. आमच्याकडे दोन प्रकारच्या होत्या. चार्जिंगवाल्या एकीच्या पोर्टमध्ये खारी हवा जाऊन पावसाळ्यातच तो काळा पडला. साध्या पेन्सिल सेलवरच्या तिन्ही अजून चालू आहेत. सेल मात्र रिचार्जेबल घ्या आणि वापर नसेल तेव्हा काढून ठेवा. साधे सेल आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात.

पॉवर बँक घेताना आकड्याला भुलू नका. 20,000 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं, म्हणजे 74 वॅट-अवर. व्होल्टेज वाढवण्यात काही वाया जातं. 5,000 एमएएचचा फोन सुमारे तीन वेळा भरतो, त्यापलीकडे अपेक्षा नको. ती निम्मी-पाऊण भरून ठेवते आणि हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा आला की पूर्ण. घडीचं सोलर पॅनेल चैत्रातल्या उन्हात छान चालतं, आषाढातल्या आभाळात जवळजवळ निकामी. माझ्या मते किनाऱ्यावर त्यावर पैसे घालू नयेत.

रेडिओ घेताना मीडियम वेव्ह आहे ना, हे दुकानातच बघा. हल्लीच्या बऱ्याच रेडिओंत नुसतं एफएम असतं आणि डोंगराच्या आडोशाला ते खरखरतं. आमचा हँडल फिरवून चार्ज होणारा आहे. हँडल फिरवणं दमवतं, पण मोबाइलचा टॉवर बंद असताना बातमी ऐकू येते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. ‘दामिनी’ ॲप मात्र फोनवर ठेवाच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आजूबाजूच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. वैशाखातल्या वळवाच्या वेळी बागेत माणसं झाडावर असतात, तेव्हा त्यांना खाली बोलवायला त्याचा फार उपयोग झाला.

पाण्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण आजारपण तिथूनच शिरतं. पिण्यापुरतं माणशी दिवसाला तीन लिटर तरी धरा. आम्ही वीस लिटरचे कॅन भरून ठेवतो आणि आठवड्याला बदलतो, जुनं पाणी भांड्यांना आणि झाडांना जातं. विहिरीवर पंप असला तरी रहाट काढलेला नाही. नवा दोर चैत्रातच ओवला, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असतं आणि दोर तळापर्यंत पुरतो का ते कळतं. पुराचं किंवा गढूळ पाणी विहिरीत गेलं तर ब्लीचिंग पावडर. प्रमाण 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि 3.14 ने गुणून चारने भागा, मग 1,000 ने गुणा. आमची विहीर अडीच मीटर रुंद, पाणी तीन मीटर असेल तर साधारण 14,700 लिटर, म्हणजे 37 ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळायचं आणि तासभर उपसायचं नाही. पावडर दमट हवेत लवकर मरते. वर्षापूर्वीच्या डब्याचा वास जवळजवळ गेलेला होता, म्हणून यंदा लहान डबा आणलाय.

इन्सुलिनची काळजी मला सगळ्यांत जास्त होती. फ्रीज बंद पडला की लगेच फेकावं लागतं असं नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांनी सांगितलं की वापरात असलेलं त्यांचं इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीत चालतं, फक्त उष्णता नको. तरी आपल्या औषधाचं आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं आणि त्यात बाटली अशी ठेवतो. दमट हवेत ते घाटावरच्यासारखं गार होत नाही, पण खोलीपेक्षा बरं. बंदरावर मासळीचा बर्फ मिळतो, त्यात बाटली थेट ठेवू नका. एकदा गोठलं की ते वाया.

बाकी औषधांत ओआरएस, नेहमीच्या गोळ्या, बँडेज. साप चावला तर घट्ट बांधू नये, चिरू नये, हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालय गाठावं, हे मुलांकडूनही पाठ करून घेतलंय. 112, 108, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, वायरमन आणि वाडीतला जीपवाला, हे सगळे नंबर पडवीच्या भिंतीवर पेनाने लिहिलेत.

कागदपत्रांच्या पिशवीत सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि सुट्या नोटा. टॉवर गेला की फोनवरून पैसे देता येत नाहीत. शिवाय दर चैत्रात घराचे आणि बागेचे फोटो काढून मुंबईच्या दीरांना पाठवते. पंचनाम्याच्या वेळी आधी किती माड, किती पोफळी उभ्या होत्या हे दाखवता येतं. ई-पीक पाहणीत झाडांची नोंदही करून ठेवा.

एक कमतरता यंदा भरून काढतोय. निसर्गमध्ये रस्ते पडलेल्या झाडांनी बंद झाले होते आणि कोयत्या-कुऱ्हाडींनी किती तोडणार? शिमग्याच्या बैठकीत वाडीने मिळून पेट्रोलवरची करवत घ्यायचं ठरवलंय. वर्गणी निम्मी जमली आहे. करवत कोणाच्या घरी राहणार आणि चालवायला कोण शिकणार, हे अक्षय्य तृतीयेच्या आत नक्की करायचंय.