पक्ष्यांसाठी आक्षीला जाताय? मग ह्याच होमस्टेत राहा

मार्च-एप्रिलमध्ये पक्षी बघायला अलिबागजवळच्या आक्षीला जाणार असाल तर डोळे झाकून इथे बुक करा. रूम साध्याच आहेत, फॅन खडखडतो, मोबाईलला रेंज हवी तर अंगणात यावं लागतं, पण इथला दिवस भरती बघून आखतात आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. फोन केला तर होमस्टेच्या काकूंनी आधी विचारलं, त्या शनिवारी तिथी कुठली? त्रयोदशी म्हटल्यावर लगेच, "या या, पावणेदहाच्या सुमाराला भरती, छान मिळतील." तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आपल्या किनाऱ्यावरचा जुनाच हिशोब. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की बायनॉक्युलर कितीही भारी असू दे, पक्षी नुसते ठिपके दिसतात, आणि भरती चढायला लागली की तेच सरकत सरकत कोरड्या वाळूवर येतात.

काकूंचा मुलगा दीड तास आधी घेऊन जातो. सुरूच्या बनाच्या कडेला बसवतो, सकाळचं ऊन पाठीमागून येतं त्यामुळे रंग काय स्वच्छ दिसतात! आणि ह्या दिवसांत रंगच तर बघायचे असतात, कारण हिवाळ्यापुरते आलेले हे पक्षी परतायच्या आधी पिसं बदलतात. सँड प्लोव्हरचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांचा, थवा वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभा होता, एकाची छाती पूर्ण विटकरी, शेजारच्याची अजून हिवाळ्यातली करडी आणि मधेच दोन-चार तांबूस पिसं फुटलेली. ब्राउन-हेडेड गल ह्या समुद्रपक्ष्याचंही तसंच, काहींचं डोकं पूर्ण तपकिरी, काहींना कानामागे फक्त डाग. हे गल लडाखच्या तलावांवर जाऊन अंडी घालतात, आणि नागावच्या बाजूला बनाना राईड चालू असताना ते इथे शांत बसलेले बघून मला खरंच भरून आलं.

काकूंच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, एक नियम मला फार आवडला, भरतीला बसलेला थवा उठवायचा नाही. फोटोसाठी पुढे गेलेल्या एकाला त्याने हात धरून मागे आणलं. बरोबरच आहे, एवढ्या लांब उडायचं तर अंगात चरबी साठवायला लागते आणि आपण दर दहा मिनिटांनी उडवत बसलो तर ती जळते ना. रविवारी मात्र घोडागाड्या आणि ती चारचाकी बाईक सुरू झाली की थवा टिकतच नाही, म्हणून शनिवारची भरती सोडू नका.

जेवण एक नंबर, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोबत नवा पांढरा कांदा, मासे आदल्या दिवशी सांगावे लागतात. नाश्ता परत आल्यावर, निघताना फक्त चहा-बिस्कीट.

तक्रार एकच, स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) एकच आहे आणि ट्रायपॉड हलतो, ग्रुप मोठा असला की तुमचा नंबर येईपर्यंत पक्षी उडालेला असतो. पक्षी दाखवायचे वेगळे पैसे घेतात तर दुसरा स्कोप घ्यायलाच हवा, मी तसं सांगून आलेय. स्वतःचा 8x42 बायनॉक्युलर असेल तर आणाच.

वीकेंड निवडताना द्वादशी-त्रयोदशी बघा, शुक्ल असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येला पाणी भरपूर चढतं पण भर दुपारी बाराला, उन्हात उभं राहवत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार वर येत नाही, तेव्हा एवढ्या लांब येऊ नका.