शाहूपुरीतलं जुनं घर आणि चुन्याच्या दरजा

आमचं शाहूपुरीतलं घर आजोबांनी १९३८ साली बांधलं. दीड विटेच्या भिंती, बाहेरून गिलावा नाही. सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटनं भरल्या. दोन पावसाळ्यांत ओल आतल्या खोलीत आली, विटांचे पापुद्रे सुटायला लागले. दरजा मात्र जशाच्या तशा कडक.

यंदा मार्चमध्ये कागलकडच्या एका गवंडीमामांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी दराची गोष्टच काढली नाही. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "एका थराला लांब बाजू, वरच्या थराला नुसती तोंडं. इंग्लिश बाँड हाय. बांधणारा जाणता होता."

मला मुलीकडे इंग्लंडात नॉरफोकला बघितलेलं शेतावरचं जुनं घर आठवलं. त्याच्या बाजूच्या भिंतीला हीच जोडणी होती, पण दर्शनी भिंतीला फ्लेमिश बाँड: प्रत्येक थरात एक लांब, एक तोंड. इंग्लंडात १७८४ ते १८५० विटांवर नगावर कर होता, म्हणून काहींनी विटाच मोठ्या पाडल्या! त्या घराच्या दरजा चुन्याच्या होत्या. चुना विटेपेक्षा मऊ, भिंतीतलं पाणी दरजेतून बाहेर पडतं. सिमेंट भरलं की ते विटेतूनच वाट काढतं. तिकडे थंडीत ते आत गोठून वीट फुटते, आपल्याकडे खार धरून.

मामांनी छन्नीनं सिमेंट काढलं तेव्हा एका विटेचा पुढचा भाग पापडासारखा हातात आला. मागे पांढरा खार. तो पाहून मला खरंच वाईट वाटलं. ग्राइंडर त्यांनी लावू दिला नाही, विटांच्या कडा जातात म्हणून. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आमच्याच परसात पिंपात पाण्यात विरवली, पंधरा दिवस मुरवली. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड. भरण्याआधी भिंत भिजवायची, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. रोज सकाळी येऊन ते दरजेत अंगठ्याचं नख दाबून बघायचे.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेले ते पाच दिवस फिरकले नाहीत, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि खिडकीजवळच्या पहिल्या दोन-तीन हात दरजा फार पांढऱ्या दिसतात, तिथं सुरखी कमी पडली. पुढचं काम एकसारखं आहे.

एका भिंतीचे मजुरी-सामानासह ३८,००० रुपये झाले. सिमेंटला मागे निम्मेच लागले होते. पण जुलैच्या झडीत भिंत बाहेरून चिंब झाली, दोन दिवस उघडीप मिळाली की वाळली, आणि आतली खोली यंदा कोरडी आहे. आईचं कपाट परत त्या भिंतीला लावलं. मागची भिंत दिवाळीनंतर मामांनाच सांगितली आहे, पिंप तसंच ठेवलंय.