कालचक्रात अडकलेले दोन भाग : आधी कोणता पाहावा?

तोच दिवस पुन्हा पुन्हा उजाडतो, ही कल्पना दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांनी अनेकदा हाताळली आहे. ज्यांना तिची ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासमोर मी दोनच भाग ठेवीन : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधील ‘कॉज अँड इफेक्ट’ (१९९२) आणि ‘स्टारगेट एसजी-१’मधील ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ (२०००). दोन्ही सुमारे पाऊण तासाचे आहेत. त्यांच्यातला खरा फरक आहे तो घडून गेलेले कोणाला आठवते, याचा.

‘कॉज अँड इफेक्ट’मध्ये शीर्षके येण्याआधीच एंटरप्राइज यान स्फोटात नष्ट होते आणि पुढच्याच प्रसंगात त्याचे अधिकारी काहीच घडले नसल्यासारखे पत्त्यांचा डाव मांडून बसलेले दिसतात. कोणालाच काही आठवत नसते, डॉ. बेव्हर्ली क्रशर यांना मात्र हे सारे पूर्वी घडून गेल्याची अंधूक जाणीव छळू लागते. आपल्याला पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असते आणि तरीही त्यांना सावध करता येत नाही, यातूनच सगळा ताण निर्माण होतो. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स यांनी प्रत्येक आवर्तनातील तेच प्रसंग नव्याने, निराळ्या कोनांतून चित्रित केले असल्यामुळे पुनरुक्ती कुठेही कंटाळवाणी होत नाही. एका आवर्तनात क्रशर आदल्या खेपेस फुटलेला पेला मुद्दाम उचलून दुसरीकडे ठेवतात, आणि तो तरीही फुटतो. कोथरूडच्या आमच्या घरी हा प्रसंग चालू असताना वडिलांनी समोरचा चहाचा कप न बोलता टेबलाच्या कडेपासून आत सरकवला.

‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’त कर्नल ओ’नील आणि टील्क या दोघांना सर्व आठवते, त्यांच्या बाकीच्या सहकाऱ्यांना काहीच नाही. न्याहारीच्या टेबलावर त्यांचा सहकारी डॅनियल दर वेळी तोच प्रश्न विचारतो, आणि लिहिलेले टिपण पुढच्या फेरीत उरत नसल्याने एक प्राचीन लिपी या दोन सैनिकांना तोंडपाठ करावी लागते. कंटाळून ते तारकाद्वारातून, म्हणजे दूरच्या ग्रहांवर नेणाऱ्या दारातून, गोल्फचे चेंडू मारतात, तेव्हा माझी चौदा वर्षांची पुतणी खळखळून हसली. हसवता हसवता हा भाग दिवंगत पत्नीला पुन्हा भेटण्यासाठी हे कालचक्र सुरू करणाऱ्या मलिकाईच्या दुःखापर्यंत नेऊन पोहोचवतो, ही त्याची मोठी कमाई आहे. मात्र तो मालिकेच्या चौथ्या पर्वातला असून ओ’नील आणि त्यांची सहकारी कार्टर यांच्यातील अव्यक्त ओढ आधीपासून माहीत असल्याखेरीज त्यातला एक सुंदर क्षण नवख्या प्रेक्षकाच्या हातून निसटतो.

घरात मुले असतील आणि सर्वांनी मिळून पाहायचे असेल, तर ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ निवडावा. मालिकेची ओळख नसतानाही कालचक्राची कल्पनाच मुळापासून अनुभवायची असेल, तर माझे मत निःसंशय ‘कॉज अँड इफेक्ट’ला आहे, फक्त त्याचा शेवट आधी कोणाकडून ऐकू नये आणि पत्त्यांच्या डावात कोणाला कोणते पान येते, याकडे पहिल्या खेपेपासून लक्ष ठेवावे.