चित्रवहीसाठी चिठ्ठ्यांचा डबा : मृग ते होळी वापरल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात चित्रवही ठेवणारी मी एकटीच. काय काढायचं हे सुचवायला कोणी नाही, त्यामुळे वही त्याच वेलबुट्टीने आणि त्याच मोरांनी भरत चालली होती. गेल्या मृगापासून मी प्रॉम्प्ट वापरायला लागले. एक छोटी सूचना घ्यायची आणि त्या दिवशीचं पान तिच्यावरच करायचं, एवढीच ही पद्धत. चित्र कसं काढायचं हे त्यातून शिकता येणार नाही. हात थोडाफार चालतो पण वही अर्ध्यात थांबली आहे, अशांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात ऑनलाइन मागवलेल्या तयार कार्डांनी केली. त्यातली बरीच कार्डं भावनेची होती: आज कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते रंगवा, मनातल्या शांततेला रंग द्या. दिवसभर डवरणीची धावपळ झाल्यावर रात्री असं कार्ड हाती आलं की पान कोरंच राहायचं. उरलेली कार्डं पहिला बर्फ, मेपलचं पान, कॉफीचा मग अशी. इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. काय वाटावं हे सांगणारी सूचना पान अडवते. वस्तू नेमून देणारी किंवा हातावर बंधन घालणारी सूचना पान सुरू करून देते, आणि वाटायचं ते काढता काढता वाटतंच. म्हणून कार्डं बाजूला ठेवली आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात स्वतःच्या चिठ्ठ्या टाकल्या: कवेलूवरून गळणारं पाणी, धुऱ्यावरचं एक झाड, फक्त निळा रंग, डावा हात, कागदाकडे न बघता.

शेवटच्या चिठ्ठीने सगळ्यात जास्त दिलं. वस्तूकडेच बघत राहायचं, पेन उचलायचं नाही, कागदाकडे नजर टाकायची नाही. सासूबाई सुपात तूर निवडत होत्या, मी त्यांचे हात घेतले. बघून काढले असते तर पाच गुळगुळीत बोटं काढून मोकळी झाले असते. इथे नजर प्रत्येक पेऱ्यावर अडायला लागली. वेचणीत बोंडाची वाळलेली टोकं टोचून नखांच्या कडेची कातडी सोललेली होती, अंगठ्याचं नख एका बाजूने जाड झालं होतं. रेषा एकमेकींवर चढल्या, करंगळी मनगटाच्या खाली गेली. तरी सासूबाईंनी वही हातात घेतली आणि म्हणाल्या, "माय वो, हे त माहेच हात व्हय!"

दुसरी आवडती चिठ्ठी 'उद्याही तेच'. ती निघाली तेव्हा पऱ्हाटी फुलावर होती. सकाळी वावरात जाऊन एक फूल निवडलं, झाडाला दोरा बांधून ठेवला. पहिल्या दिवशी पाकळ्या मलईसारख्या फिक्या पिवळ्या, दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होऊन मिटायला लागलेलं. लग्न होऊन आल्यापासून कपाशीत काम करते आहे. फुलं रंग बदलतात हे माहीतच होतं. पण एकाच पानावर दोन्ही रंग शेजारी उतरवताना कळलं की गुलाबी रंग सगळीकडे सारखा चढत नाही. कडांना तो गडद होता आणि देठाकडे पिवळी झाक अजून शिल्लक होती.

भुलाबाईच्या दिवसांत जावेच्या मुलीने एक चिठ्ठी दिली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गाणी म्हणतात आणि झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखतात, ते ठाऊक असेलच. तिने डब्यात काहीतरी घालून आणायचं, मी तो हलवायचा आणि न उघडता आवाजाचंच चित्र काढायचं. मुरमुऱ्यांसाठी बारीक ठिपके पडले, शेंगदाण्यांसाठी जाड तुटक रेघा. अमूर्त चित्रं आपल्याला जमणार नाहीत असं वाटणाऱ्यांनी हे करून बघावंच.

ऑक्टोबरमध्ये इंकटोबर असतो. अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात ३१ दिवस रोज एका शब्दावर शाईने चित्र काढायचं असतं. उपक्रम चांगला आहे, पण आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालते आणि मागोमाग कापसाची वेचणी लागते. रोजचा शब्द शेतीच्या घरात टिकत नाही. मी आठवड्याला एक शब्द घेतला आणि कामावरही तो डोक्यात ठेवला. रात्री वही उघडेपर्यंत चित्र निम्मं जुळून आलेलं असायचं. शेतीवाल्यांना माझा सल्ला हाच: वेग कमी करा, शब्द सोडू नका.

'विकतचा रंग नाही' या चिठ्ठीने माझा पूर्ण फाल्गुन घेतला. पळसाची वाळलेली फुलं गरम पाण्यात रात्रभर भिजवली की नारिंगी पिवळं पाणी मिळतं. चिमूटभर तुरटीने ते स्वच्छ पिवळं होतं, कणभर चुन्याने लालसर नारिंगीकडे झुकतं. हा रंग उजेडात उडतो, त्यामुळे भिंतीवर लावायच्या चित्रात वापरू नका. मिटलेल्या वहीत बराच टिकतो. वावरातली काळी माती फडक्याने गाळून, पाण्यात निवळू देऊन बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली. डिंक कमी पडला तर माती समोरच्या पानाला लागते, जास्त झाला तर पान वाकवताच थराला तडे जातात. प्रमाण चिंधीवर नाही, त्याच कागदाच्या तुकड्यावर ठरवा.

कागदाबद्दल थोडं. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद मातीच्या रंगाला पुरत नाही, पाठीमागे ओल येते आणि पान वळतं. २०० जीएसएमच्या (कागदाच्या दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका. पावसाळ्यात पानं दमट राहून चिकटतात, मध्ये जुन्या वर्तमानपत्राचा कागद घाला.

नियम एकच पाळला: निघालेली चिठ्ठी नाकारून दुसरी काढायची नाही. आवडेपर्यंत चिठ्ठ्या काढत बसलं की पुन्हा मोर आणि वेलबुट्टीच होते. जिच्यावर दोनदा चित्र झालं ती चिठ्ठी मात्र फाडते, नाहीतर डबाही शिळा होतो.

सध्या ऊन तापलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि दुपारी दुसरा ब्रश टेकायच्या आत पहिला थर वाळून पट्टे उमटतात. त्यामुळे 'ओल्या कागदावर ओला रंग' ही चिठ्ठी मृगापर्यंत डब्याबाहेर काढली आहे. तिच्या जागी 'कोरडा ब्रश' आणि 'फक्त कोळसा' घातल्या आहेत, आणि पहाटे चूल पेटायच्या आधी बसते.