एफएनएसी की कोर बायोप्सी?

म्हापशाच्या वहिनीला स्तनात गाठ लागलीय, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायच्या आधी विचारत होती साधी सुई, म्हणजे एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणं) करू की कोर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून तपासणं). त्रास बघितला तर एफएनएसी सोपी, बारीक सुई, भूल बहुतेक लागत नाही, रिपोर्टही लवकर आणि खर्चही कमी. कोरला जाड सुई, जागा बधिर करतात, थोडं काळंनिळं होतं, रिपोर्टला काही दिवस. पण एफएनएसीत सुट्या पेशीच येतात, कॅन्सर आजूबाजूला पसरायला लागलाय का ते त्यावरून ठरत नाही, कोरमध्ये तुकडा मिळतो, त्यावर ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) नीट बघता येतं आणि औषधं त्यावरच ठरतात गं! म्हणून स्तनातल्या संशयाच्या गाठीला कोरच, थायरॉइडच्या गाठीला किंवा पाण्याच्या गाठीला आधी एफएनएसी, लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर तुकडाच हवा.