ऑन-ग्रिड की हायब्रिड: छत आपलं, स्विच कोणाचा?

छतावर सोलर बसवताना पॅनल किती वॅटचे, कुठल्या कंपनीचे, हे वेंडर सांगेलच. खरा निर्णय इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा: ऑन-ग्रिड, म्हणजे फक्त बाहेरच्या विजेच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेला, की हायब्रिड, म्हणजे त्यासोबत बॅटरीवरही चालणारा.

पैशांच्या हिशेबात ऑन-ग्रिड सरळ पुढे आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. बॅटरीचा खर्च मात्र आपल्याच खिशातून. ऑन-ग्रिडला बॅटरीच नाही, म्हणून देखभालही नाही. पॅनल धुतले की झालं. उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, बिलात वळती होते. तुमच्याकडे लाईट क्वचितच जात असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमच्याकडे जाते, आणि नेमकी दुपारची. भावाच्या छतावर ऑन-ग्रिड आहे. मे महिन्यात त्याच्याकडे डोक्यावर रणरणतं ऊन, वर ३ किलोवॉटचे पॅनल आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो! लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. कारण रास्त आहे: आपली वीज उलटी लाईनवर गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तरी तो ट्रिप होतो. पटतं सगळं, पण ती दुपार काही डोक्यातून जाईना.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. ग्रिड कोसळली तर शहराला तिच्यापासून तोडून स्थानिक वीजकेंद्रांवर चालवायची ‘आयलँडिंग’ व्यवस्था मुंबईकडे होती. त्या दिवशी तीही टिकली नाही. हायब्रिड घरापुरतं तेच करतो. लाईनपासून घर तोडतो आणि पॅनल-बॅटरीवर चालवतो.

फुकट नाही हे. लिथियम बॅटरी महाग, पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात, आणि बॅटरीत भरताना-काढताना थोडी वीज वाया जाते. मी ५ युनिटची बॅटरी घेतली. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय आरामात चालतं. एसी आणि बोअरची मोटर बॅकअपवर घेतलेलीच नाही. निव्वळ परतावा बघणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. पण दुपारी घरी म्हातारं माणूस किंवा घरून काम करणारं कोणी असेल, तर माझं मत हायब्रिडकडे झुकतं.

आत्ता फक्त हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन बॅटरी पुढे जोडायचा विचार असेल, तर बॅटरीशिवाय बॅकअप चालतो का, हे आधी विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये चालत नाही. आणि बॅकअपचं वायरिंग पहिल्याच दिवशी वेगळं काढून घ्या.