जुन्या गाड्या आणि ई२० पेट्रोल : एक पावसाळा, एक दिवाळी आणि हिवाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते. ई२० म्हणजे ऊस, मका वगैरेंपासून बनवलेलं इथेनॉल २० टक्के मिसळलेलं पेट्रोल. त्याने माझी कार बंद पडलेली नाही आणि इंजिनाचं वाटोळंही झालेलं नाही. ॲव्हरेज थोडं उतरलंय. कार्बोरेटरवाल्या जुन्या स्कूटरला मात्र त्रास झाला, आणि त्याचा खर्च मलाच करावा लागला. पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो पंपावरचा भाव. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

घरात दोन गाड्या आहेत. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, फ्यूल इंजेक्शनची. दुसरी २०१४ची ११० सीसी स्कूटर. राहायला खारेगावला, नोकरी महापे एमआयडीसीत. म्हणजे कळवा नाका, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे असा ठाणे-बेलापूर रोडचा रोजचा प्रवास. या रस्त्यावर मोकळं चालवायला मिळतं ते सकाळी सातच्या आधी. नंतर पहिला-दुसरा गिअर आणि क्लच. कंपनीच्या माहितीपत्रकातलं ॲव्हरेज इथे कुणालाच मिळत नाही, म्हणून मी तुलना केली ती माझ्याच गाडीच्या जुन्या आकड्यांशी. एकच पंप, टाकी फुल, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं, आणि पुढच्या वेळी किलोमीटर भागिले लिटर. वही पूर्वीपासूनची आहे, त्यामुळे २०२३चे आकडेही हाताशी होते.

कार आधी शहरात साडेसोळाच्या आसपास द्यायची. जून २०२५ पासूनच्या नोंदी बघितल्या तर सोळाच्या किंचित खाली येते. स्कूटर पंचेचाळीसवरून त्रेचाळीसच्या आगेमागे. पावसाळ्यात दोन्ही आकडे आणखी घसरले, पण पावसाळ्यात ते दरवर्षीच घसरतात. काच धुरकटते म्हणून एसी सतत चालू आणि विटाव्याच्या सबवेत पाणी साचलं की अर्धा तास जागेवर.

हे आकडे हिशोबात बसतात का, तेही तपासलं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे इथेनॉल एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी मिळते. पण आपण निव्वळ पेट्रोल वापरतच नव्हतो. देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्येच पूर्ण झालं होतं. ई१० वरून ई२० वर येताना फरक पडतो तो साडेतीन टक्क्यांचा. माझ्या कारची घट त्याच घरातली आहे. निती आयोगाच्या जून २०२१च्या अहवालातही ई२० मुळे होणारी अशीच घट दिली आहे : मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के, तशा दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये १ ते २ टक्के घट.

म्हणून ज्यांचं ॲव्हरेज वीस टक्क्यांनी पडलंय, त्यांना कळकळीने सांगते, सगळा दोष इथेनॉलवर टाकू नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर, घासून चालणारे ब्रेक बघा. पंपाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते पंपावर असावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मी एकदा मागितलं होतं. मागच्या रांगेतल्यांनी हॉर्न वाजवले, पण माप बरोबर निघालं आणि मनातली शंका गेली.

आता स्कूटर.

ऑगस्टच्या शेवटी ती सकाळी सुरू होईना. चोक ओढून, किक मारून मारून एकदाची सुरू व्हायची आणि नाक्यापर्यंत जाऊन पुन्हा गचके द्यायची. माझ्या कळव्याच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. खालच्या वाटीत तपकिरी चिकट गाळ होता आणि त्याच्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब, पेट्रोलपासून वेगळे, बोटाने हलवले तरी न मिसळणारे. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगलेलं. मग त्याने टाकीपासून येणारी काळी नळी माझ्या हातात दिली. "मॅडम, जरा वाकवून बघा." वाकवली तर पृष्ठभागावर बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हात वाळलेल्या शेतजमिनीसारख्या. "ही अजून महिनाभरात गळली असती. खाली सायलेन्सर गरम असतो, म्हणून आधी बदलू."

यात इथेनॉलचा वाटा किती आणि अकरा वर्षांच्या वयाचा किती, हे छातीठोकपणे सांगणं बरोबर होणार नाही. पण कारणं समजून घेण्यासारखी आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे अर्ध्या रिकाम्या टाकीत काय होत असेल याचा विचार करा. दुसरं म्हणजे इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर ते सोडवतं आणि तो पुढे फिल्टर आणि जेटमध्ये अडकतो. तिसरं, जुन्या पद्धतीचं रबर त्याला नीट टिकत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई२० सोसतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण मिळेलच असं नाही, आणि रस्त्यावर त्याच गाड्या जास्त आहेत.

कार्बोरेटर साफ केला, सुई, नळी, फिल्टर बदलले. त्यानंतर पूर्ण हिवाळा स्कूटर विनातक्रार चालली आहे. आता पावसाळ्यात ती उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवते, आणि आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणते.

फायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते, ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. ई२० चं ऑक्टेन ९५, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं ९१. हे खरं आहे, पण त्याचा पुरेपूर उपयोग होतो तो त्या हिशोबाने जुळवलेल्या इंजिनाला. माझ्या कारमध्ये पिकअपचा फरक मला तरी जाणवला नाही.

आणि आता भाव. या काळात ठाण्यात पेट्रोल लिटरला १०३-१०४ रुपये होतं. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क जवळपास २२ रुपये, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत राज्याचा व्हॅट २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा हिशोब होता. (जून २०२४ पर्यंत व्हॅट २६ टक्के होता.) मिश्रण १० वरून २० टक्क्यांवर गेलं तेव्हा लिटरमधली ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी घटली, भावात मात्र त्यासाठी वेगळी सूट मिळाली नाही. म्हणजे त्याच कामासाठी मला लिटरमागे साडेतीन रुपयांहून जास्त मोजावे लागतात. रक्कम बघायला लहान आहे. पण स्कूटरवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला विचारा, रोजचे दोन लिटर जाळणाऱ्याला ती महिन्याला दोनशेच्या पुढे जाते, आणि त्याची स्कूटर बहुतेक वेळा माझ्यासारखीच जुनी असते.

सरकारचं म्हणणं मी वाचलं आहे. जुलै २०२५च्या अखेरीस तेल कंपन्यांना इथेनॉल वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडत होतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा महाग, मग ते स्वस्त कसं देणार? हे मला पटतं. पण मी मागते आहे ती करातली सूट. कर लिटरवर घेतला जातो, आणि त्या लिटरमध्ये आता पूर्वीइतकं अंतर कापण्याची ताकद नाही. निती आयोगाच्या त्याच २०२१च्या अहवालात ग्राहकाचं हे नुकसान भरून काढायला करसवलतीचा विचार करावा असं सुचवलं आहे. मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणताना त्या अहवालाचा आधार घेतला, मग ग्राहकाच्या बाजूची शिफारस मागे का राहिली, हा माझा प्रश्न आहे.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आहे. पण तिथल्या पंपावर मिश्रित पेट्रोल आणि नुसतं इथेनॉल अशी दोन्ही नोझल असतात, दोन्हींचे भाव समोर लिहिलेले, आणि २००३ पासून कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्यूल गाड्या मिळतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं, हा हिशोब तिथला सामान्य चालक करतो. त्याला निवड आहे. आपल्याकडे जुन्या गाडीवाल्याला ई१० सुद्धा मिळत नाही. याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, त्यामुळे आता हा निर्णय सरकारनेच घ्यायचा आहे.

मी इथेनॉलच्या विरोधात मुळीच नाही. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, घरी ऊस आहे. देशातले इथेनॉल मिश्रणाचे सुरुवातीचे प्रयोग २००१ मध्ये झाले त्यात मिरज आणि मनमाड होतं, हे गावाकडे अजून अभिमानाने सांगितलं जातं. दिवाळीत भावाशी यावर बराच वाद झाला. तो म्हणाला, "अक्का, तुझं ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरनं कमी झालं म्हणून तू हिशोब मांडतेस. आमची बिलं दोन-दोन वर्षं थकायची, त्याचा हिशोब कुणी मांडला?" त्याचं खरं आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६च्या आदेशापासूनचा नियम आहे, पण साखर गोदामात पडून असली की कारखान्याकडे रोकड नसते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, त्यामुळे बिलं हलतात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, क्विंटलला ३५५ रुपये आहे. ती वेळेवर मिळणं हा आमच्या घरातल्या शाळेच्या फीचा प्रश्न असतो. शिवाय ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आणली होती, तेव्हा नुकतीच यंत्रं बसवलेल्या कारखान्यांचं काय झालं तेही त्याने पाहिलंय.

पण पाण्याच्या प्रश्नावर तोही गप्प झाला. निती आयोगाच्याच अंदाजाने उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. माझ्या कारच्या ३५ लिटरच्या टाकीत सात लिटर इथेनॉल असतं. ते सगळं उसाचं धरलं तर एका टाकीमागे वीस हजार लिटर पाणी, म्हणजे दोन टँकर. आता मक्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असेल. पण मका इथेनॉलकडे वळल्यापासून कोंबडीखाद्य महाग झाल्याची ओरड आहेच. शेतातून आलेलं इंधन म्हणून ते फुकट किंवा निर्दोष होत नाही, एवढं या महिन्यांत माझ्या मनात पक्कं बसलं.

त्यामुळे घरात सवयी बदलल्या. आठवड्यातले दोन-तीन दिवस मी कार काढतच नाही. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झाल्यापासून कळव्याच्या आम्हा लोकांची मोठी सोय झाली आहे. रिक्षाने दिघा, तिथून घणसोली, पुढे शेअर रिक्षा. सेकंड क्लासचा महिन्याचा पास एक-दोन लिटर पेट्रोलच्या पैशात येतो. उरलेल्या दिवशी रबाळ्याला उतरणारे दोन सहकारी बरोबर असतात. सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास वेग. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ हाच किफायती वेग सांगते. महिन्याचं पेट्रोल जवळपास निम्म्यावर आलं. ई१० परत मिळालं असतं तरी साडेतीन टक्केच वाचले असते.

आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर तळणीचं उरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी दिलं, तेही सांगायला हवं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची वापरलेल्या तेलाची योजना २०१८ पासून आहे. तेलातली ध्रुवीय संयुगं (तळताना तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरायचं नाही असा नियम आहे. हे तेल बेसिनमध्ये ओतलं तर ड्रेनेज तुंबतं, टपरीवाल्याला विकलं तर पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातं. वेगळ्या पिकाला पाणी न देता मिळणारं जैवइंधन आपल्याच ओट्यावर आहे. पहिल्या खेपेला तीन-चार घरांनीच डबे दिले, होळीच्या पुरणपोळ्या-भज्यांनंतर पुन्हा विचारणार आहे.

एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर निर्धास्त वापरा. फ्यूल इंजेक्शनची त्याआधीची असेल तर फिल्टर वेळेवर बदला, बाकी घाबरण्यासारखं मला काही दिसलं नाही. कार्बोरेटरची स्कूटर किंवा बाइक असेल तर मे महिन्यातच पेट्रोलची नळी, फिल्टर आणि फ्लोटची सुई तपासून घ्या, नळी ई२० ला चालणारी आहे का हे दुकानात स्पष्ट विचारा, आणि कामाचं बिल मागून घ्या. माझं सगळं मिळून काम हजाराच्या आत झालं. नळी गळेपर्यंत थांबू नका.